सोलापुरात तीन रात्री, आणि कुणी मला उचललं नाही

मी व्हीलचेअर वापरते. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला, मग कॅलिपर आणि कुबड्या, आणि खांदे दुखायला लागले तसं गेली आठ वर्षं पूर्णवेळ खुर्ची. त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे, पण ज्यांच्या घरी माझ्यासारखं कुणी आहे किंवा गुडघ्यांनी हैराण झालेली आई, सासू, काकू आहे आणि सोलापूरला जायचं चाललंय, त्यांनी पूर्ण वाचा, उपयोग होईल.

निमित्त होतं मामेभावाच्या मुलीच्या लग्नाचं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. सोलापूर माझं आजोळ. मामाचं घर साखर पेठेत, वरच्या मजल्यावर, जिना असला उभा आणि अरुंद की लहानपणी मामा मला खांद्यावर टाकून न्यायचा. आता मी एकोणपन्नास वर्षांची बाई आणि मामा ऐंशीच्या पुढचा, त्यामुळे तिथं राहणं शक्यच नाही. मामीला वाईट वाटलं, आजोळ असताना हॉटेलात राहतात का गं म्हणाली फोनवर, पण तिलाही माहितीये जिना कसा आहे तो.

हॉटेल म्हटलं की मला आधी धडकी भरते. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात गेलेलो, बुकिंगला 'व्हीलचेअर फ्रेंडली' लिहिलेलं, फोन करून विचारलं तर हो हो मॅडम सगळं आहे, आणि पोचलो तर दारात पाच पायऱ्या. काउंटरवरचे म्हणाले, काळजी करू नका, चार पोरं आहेत, उचलतील. ज्यांना कधी असं उचललेलं नाही त्यांना सांगते, चार अनोळखी माणसं असतात, कुणाचा हात कुठं लागतोय कळत नाही, एकजण हात ठेवायचा दांडा धरून उचलतो आणि तो दांडा निघणारा असतो, आपण पदर धरायचा की खुर्ची धरायची ते सुचत नाही, आणि आजूबाजूला लोक बघत उभे. वर गेल्यावर बाथरूमचं दार चोवीस इंची, माझी खुर्ची साडेपंचवीस. त्या रात्री मी पाणी प्यायलेच नाही. खुर्ची वापरणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको, प्रवासात आपण सगळ्याच जणी पाणी तोडतो.

म्हणून या वेळी बुकिंगच्या आधी फोन केला आणि सरळ मापं विचारली. पलीकडचा मुलगा म्हणाला, थांबा मॅडम, तुम्हाला दाखवतोच. दहा मिनिटांत व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला, दाराला टेप लावून, बेडला टेप लावून, कमोडला टेप लावून, बेसिनच्या खाली टेप लावून. दार ३६ इंच रुंद, बेड १९ इंच उंच. मी पुण्यात स्वयंपाकघरात बसून तो व्हिडिओ दोनदा बघितला आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं.

मी आणि भाची, आम्ही पुण्याहून वंदे भारतनं गेलो. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला सोलापूर. हॉटेल रेल्वे लाइन्स भागात, स्टेशनपासून अगदी जवळ, जुना दगडी बंगला आहे तो नीट करून बारा खोल्या काढल्यात. दारात कडुलिंबाचं मोठं झाड. गेटच्या आत पार्किंगला मात्र काळ्या दगडाचे ठोकळे बसवलेत, दिसायला सुंदर, पण मधल्या फटीत खुर्चीची पुढची छोटी चाकं अडकतात. पहिल्याच मिनिटाला अडकले. भाचीनं खुर्ची मागं कलती करून काढली. हा दोष मी त्यांना सांगितला आणि इथंही लिहितेय, कारण एकट्यानं येणाऱ्या माणसाचं तिथं अवघड होईल.

पण त्यापुढचा रॅम्प बघितला आणि मी गप्प झाले. बंगल्याचं जोतं अडीच फूट उंच. रॅम्पचा साधा हिशोब असा की एक इंच चढायला एक फूट लांबी लागते, म्हणजे तीस इंचाला तीस फूट. बहुतेक ठिकाणी दहा फुटांत उरकतात, आणि मग तो रॅम्प नसतो, घसरगुंडी असते, दोन माणसांनी ढकलल्याशिवाय वर जाता येत नाही. इथं पूर्ण तीस फूट दिलेत, मधे एक सपाट टप्पा, दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा, बागेच्या कडेकडेनं वळत वर जातो. आणि मुख्य दार तेच आहे, सगळ्यांसाठी. बॅगांची चाकं ओढत येणारी माणसं तिथूनच, मुलाला बाबागाडीत घेऊन येणारी तिथूनच, मी तिथूनच. आत्तापर्यंत मी हॉटेलांमधे किचनच्या दारानं गेलेय, कचऱ्याच्या डब्यांशेजारून गेलेय, एकदा तर जनरेटरच्या खोलीतून. पुढच्या दारानं स्वतःच्या हातानं चाकं फिरवत आत जाणं मला किती वर्षांनी मिळालं.

आत गेल्यावर एकच गोष्ट खटकली. रिसेप्शनवरच्या मुलीनं भाचीला विचारलं, "त्यांना चहात साखर चालते ना?" मी समोर बसलेली. मी हसून म्हटलं, मला विचारा, मीच सांगते. ती लगेच वाकून सॉरी म्हणाली, आणि पुढचे तीन दिवस जे काही विचारायचं ते मलाच, डोळ्यात बघून. तिथं एक पोरगा सामान घ्यायला होता, खास सोलापुरी बोलणारा, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही फक्त सांगा की ओ, कुठं हात लावायचा आणि कुठं नाही." हे वाक्य मी लक्षात ठेवलंय. इतकी वर्षं कुणी असं आधी विचारलं नव्हतं.

आता खोली. मला तळमजल्यावरची, अंगणाकडची मिळाली. दिव्यांगांसाठी म्हणून ज्या खोल्या असतात ना, त्या दवाखान्यासारख्या असतात. पांढऱ्या टाइल्स, स्टीलचे दांडे, ट्यूबलाइट, एक निळा स्टिकर आणि खिडकी मागच्या बोळात. माझ्या खोलीला खाली शहाबादी फरशी, पॉलिश न केलेली, थोडी खरखरीत, चाकाला पकड मिळते आणि ओल्या पायाचं माणूसही घसरत नाही. शहाबाद इथून काही फार लांब नाही, सोलापूरच्या जुन्या घरांत हीच फरशी असायची, मामाकडेही होती, उन्हाळ्यात दुपारी आम्ही तिच्यावर पाणी शिंपडून पडायचो. कुठंही उंबरा नाही, खोलीला नाही, बाथरूमला नाही, अंगणात उघडणाऱ्या दाराला पण नाही. भिंती चुन्याच्या फिक्या रंगाच्या, आणि पलंगाच्या मागं एकच मोठी सोलापुरी चादर ताणून लावलेली, मरून आणि काळी, ती मोराची जुनी डिझाइन. पायथ्याशी घडी घातलेली दुसरी चादर. जीआय मानांकन मिळालेली खरी सोलापुरी आहे, हातात घेतल्यावर वजनावरनंच कळतं.

कपाटाची हँडलं बघून मी थांबलेच. जुने धोटे लावलेत. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, सोलापूरकरांना सांगायला नको. टोकाची लोखंडी टोकं काढून गोल केलीत आणि मधल्या पोकळीत बोटं जातात. लाकूड इतकं गुळगुळीत झालंय की वर्षानुवर्षं कुणाचा तरी हात फिरलाय हे हाताला कळतं. आणि सोय बघा, गोल नॉब असला की ज्यांच्या बोटांत जोर नाही त्यांना तो फिरवता येत नाही, हा धोटा मनगट अडकवून किंवा नुसतं कोपर लावून ओढता येतो. माझा डावा हात कमजोर आहे, मी डाव्या हातानं कपाट उघडलं. दोन-तीनदा उगाच उघडलं.

कपड्यांचा दांडा पण चार फुटांवर, मी बसल्या जागी हँगर अडकवू शकले. दिव्यांची बटणं पलंगावरून हाताला येतात. खिडकीचा कट्टा खाली, म्हणजे बसलेल्या माणसाला अंगण दिसतं, नुसतं आभाळ नाही. पलंगाची उंची खुर्चीच्या सीटएवढी, त्यामुळे मी सरकून गेले. हल्ली हॉटेलात गादीवर गादी टाकून पलंग सव्वीस-अठ्ठावीस इंच करून ठेवतात, तिथं चढायला मला शिडी लागेल. इथं रात्री मी आपली आपण झोपले आणि सकाळी आपली आपण उठले, भाची घोरत होती, तिला उठवायची वेळ आली नाही.

बाथरूमबद्दल सविस्तर लिहिते कारण सगळं तिथंच अडतं. सरकतं दार. आत खुर्ची गोल फिरते, पाच फुटांचं वर्तुळ आरामात. बेसिनच्या खाली मोकळं, गुडघे आत जातात, आरसा थोडा पुढं कललेला म्हणजे मला माझा चेहरा दिसतो, नाहीतर बहुतेक ठिकाणी मला माझं कपाळ आणि भांग एवढंच दिसतं. कमोडजवळचे दांडे गडद हिरवे, भिंत फिकी. मी विचारलं हिरवे का, तर मॅनेजर म्हणाले की बांधकाम चालू असताना त्यांनी गावातल्याच खुर्ची वापरणाऱ्या दोघांना आणि एका अंधुक दिसणाऱ्या निवृत्त शिक्षकांना बोलावून सगळीकडून फिरवलं होतं, सर म्हणाले पांढऱ्या भिंतीवर स्टीलचा दांडा मला दिसतच नाही, म्हणून रंग. शॉवरला भिंतीला लावलेली लाकडी बैठक, हँड शॉवर, मिक्सर बसल्या जागी हाताला. मी तीन दिवस रोज अर्धा तास आंघोळ केली. घरी भाड्याच्या फ्लॅटमधेही मला एवढी मोकळी आंघोळ मिळत नाही.

एक चूक सापडली आणि ती गंभीर होती. इमर्जन्सीची लाल दोरी असते, ओढली की रिसेप्शनला बेल वाजते. ती जमिनीपर्यंत लोंबायला पाहिजे, कारण पडलेला माणूस जमिनीवर असतो. इथं साफसफाई करणाऱ्यांनी पुसताना मधे येते म्हणून ती गुंडाळून वर गाठ मारून ठेवलेली. मी मॅनेजरना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः गाठ सोडली, साफसफाईच्या मावशींना बोलावलं, रागावले नाहीत, नुसतं सांगितलं की मावशी, उद्या तुम्हीच इथं पडलात तर हात कुठपर्यंत जाईल बघा. मावशी खरंच खाली बसल्या आणि हात वर करून बघितला. दुसऱ्या दिवशी बाराही खोल्यांतल्या दोऱ्या सोडलेल्या होत्या, भाचीनं दोन ठिकाणी जाऊन बघितलं. तुम्ही कुठल्याही हॉटेलात उतरलात तरी आधी ही दोरी बघा.

लिफ्टमधून बाहेर आलं की वरच्या मजल्यावर फरशीत मधोमध काळ्या दगडाची खडबडीत पट्टी आहे, ती पायाला किंवा काठीला लागते आणि खोल्यांपर्यंत नेते. खोल्यांचे नंबर लाकडात उठावाचे, खाली ब्रेल. पॅसेजच्या भिंतीवर जॅकार्डच्या जुन्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फ्रेम करून लावल्यात, भोकाभोकांच्या, ज्यांच्यावरून मागाला कळतं की कुठला ताणा वर उचलायचा आणि चादरीवर मोर उठतो. भाची दारावरच्या ब्रेलवर बोट फिरवत म्हणाली, मावशी, इकडं टिपके आणि तिकडं भोकं, दोन्हीकडं लिहिलेलंच आहे की. मला ते फार आवडलं. मामा लक्ष्मी-विष्णू गिरणीत होता, ती बंद पडली तेव्हाचे दिवस मी बघितलेत, शेजारच्या तेलुगू मावशींच्या घरातला मागाचा खटखटाट ऐकत मी सुट्ट्या काढल्यात, त्यामुळे या वस्तू माझ्यासाठी नुसत्या शोभेच्या नाहीत. आणि बरं वाटलं की कुठंतरी गोदामात सडण्यापेक्षा लोकांच्या हाताखाली येतायत.

ऐकू न येणाऱ्यांसाठी मात्र काम कमी पडलंय. दाराच्या बेलला दिवा नाही, उशीखाली ठेवायचा थरथरणारा अलार्म नाही. मी लिहून दिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरलीत, खुर्ची म्हणजे त्यातला एक कोपरा. आणि हा कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं पण सरकारला सांगितलं की किमान नियम तरी सक्तीचे करा. म्हणून कुणी मला म्हणालं की या हॉटेलवाल्यांनी केवढे उपकार केले, तर मला ते पटत नाही. उपकार नाहीत केले, काम नीट केलं, मन लावून केलं, आणि त्यासाठीच मी त्यांचं एवढं कौतुक करतेय.

नाश्ता. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, उप्पीट, इडली, धपाटे. शेंगा चटणी कुटलेली, मिक्सरमधली नाही, तेल सुटलेली, लसणाचा वास, बोटांना लाल रंग. कडक भाकरी मोडली की आवाज शेजारच्या टेबलपर्यंत. पण मांडणीचा ओटा उंच, मला डब्यांच्या आतलं दिसत नव्हतं, आणि 'काय देऊ मॅडम' असं विचारून वाढणं वेगळं आणि स्वतः बघून निवडणं वेगळं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजूला एक खालचं टेबल लावलं आणि सगळ्याचं थोडं थोडं तिथं मांडलं, तिथून दोन लहान मुलं आणि मी असे आम्ही तिघांनी घेतलं. गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लिफ्ट जाते पण टेबलांना मधे आडवा लोखंडी पाय आहे, माझ्या खुर्चीचे पाय त्याला आपटतात, मला ताटापासून हातभर लांब बसावं लागलं. ती टेबलं बदला, बाकी काही नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हुरडा होता. सोलापूरकडं डिसेंबर-जानेवारीत हुरडा म्हणजे सोहळाच, पण तो शेतात. ढेकळं, बांध, आणि जमिनीत खड्डा करून पेटवलेली आगटी, भोवती सगळे मांडी घालून. लहानपणी मला गाडीत बसवून पानात आणून द्यायचे, गार झालेला. इथं अंगणात त्यांनी गुडघ्याएवढा मातीचा ओटा बांधलाय आणि आगटी त्या ओट्यावर. खुर्ची थेट ओट्याला लागते. भाजणारे काका गुळभेंडी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसायचे, काढायचे, तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारून कोवळे हिरवे दाणे सरळ माझ्या ओंजळीत. भाजत होतं हाताला. दाणा दुधाळ, गोड, वर शेंगा चटणी आणि गुळाचा खडा. तोंडावर आगटीची धग येत होती, धूर डोळ्यात जात होता, आणि मी एकोणपन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा आगटीशेजारी बसून गरम हुरडा खाल्ला. मामा-मामींना पण मुद्दाम बोलावलं होतं. मामी म्हणाली, तू हॉटेलात राहिलीस ते बरं केलंस बाई.

फिरण्यासाठी त्यांनी एक रिक्षावाले काका ठरवून दिले, त्यांना खुर्ची घडी कशी करायची, ब्रेक कुठला, कुठला भाग निघतो हे हॉटेलवाल्यांनीच शिकवलंय. सिद्धेश्वरला गेलो, तळ्याच्या काठी बसून हात जोडले, चाटी गल्लीत टॉवेल आणि चादरी घेतल्या. लग्नाच्या कार्यालयात स्टेजला पायऱ्या होत्या, नवरी आपणहून खाली उतरून माझ्याकडं आली. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करणाऱ्यांनाही मुक्कामाला सोलापूरच सोयीचं, अक्कलकोट तर जेमतेम चाळीस किलोमीटर.

भाडं रात्रीला साडेचार हजार, नाश्ता धरून. कमी नाही. सगळ्यांना परवडेल असं मी म्हणणार नाही, आणि धर्मशाळा, लॉज, भक्तनिवास इथं हेच सगळं असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण आमच्यातले बहुतेकजण तिथंच उतरतात. रॅम्पची लांबी आणि दाराची रुंदी यात महाग असं काही नाही, बांधतानाच डोक्यात घ्यायचं असतं.

पलंगाशेजारी खालच्या घडवंचीवर माठ ठेवलाय, तोटीचा, पेला खाली धरला की भरतो. मी तीन दिवस पोटभर पाणी प्यायले.

बुकिंग करताना एक लक्षात ठेवा. अशा खोल्या दोन आहेत, खालची आणि वरची, आणि दोन्ही एकमेकींच्या उलट्या आहेत. खालच्या खोलीत कमोडला उजवीकडून सरकता येतं, वरच्या खोलीत डावीकडून. ज्यांची एकच बाजू चालते, अर्धांगवायू झालेले असतील किंवा माझ्यासारखा एक हात कमजोर असेल, त्यांनी फोनवर आधी आपली बाजू सांगा, ते त्याप्रमाणे खोली देतात.